मुरमावर घरं, काळीत झाडं

18 नोव्हेंबर 2024, तीर्थपुरी

आज संध्याकाळी प्रचार थांबला. तोवर दर दहा मिनिटांनी भोंग्याची रिक्षा बांधावरून जात होती आणि आमचं बोलणं अर्ध्यात तुटत होतं. जमीन गावाच्या कडेला, साडेचार एकर. दोघा भावांच्या नावावर सातबारा. अर्ध्या रानात दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत मोसंबीची बाग होती. 2012-13 च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवायचा प्रयत्न झाला, तरी बाग वाळली. जालना जिल्ह्यात त्या साली किती बागा सरपणाच्या भावात गेल्या ते इथं कुणालाही विचारावं. आता रान पडीक आहे. कडेला सहा कडुनिंब, एक चिंच आणि वापरात नसलेली दगडी विहीर.

थोरल्या भावांनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. तालुक्याच्या गावाला कुणीतरी करून दिलेला. आडवे-उभे रस्ते, मधे सारखे चौकोन, आणि ओढ्याच्या कोपऱ्यात हिरवी रेघोटी मारून ‘ओपन स्पेस’. नगरपंचायत झाल्यापासून गावाच्या चारी बाजूंनी प्लॉटिंग पडतंय, तसंच हे.

धाकटे भाऊ पुण्यात नोकरीला होते. तिथं ते झाडीतल्या एका जुन्या सोसायटीत राहिले, आणि ते काही डोक्यातून गेलेलं नाही. “मॅडम, विटांची घरं पाहिजेत. गिलावा नको. आणि घरातून बाहेर आलं की बागेत आल्यासारखं वाटलं पाहिजे.”

थोरले म्हणाले, “अन् प्लॉट एकही कमी व्हायला नको.”

दोघांचंही लिहून घेतलं.

2 डिसेंबर

चाचणीचे खड्डे. जेसीबीवाल्याला वाटलं विहीर शोधतोय.

चढाच्या बाजूला, जिथं मोसंबी होती, तिथं दोन फुटांवर मुरूम लागला. पिवळट, घट्ट, बकेटचे दात खरवडत होते. पूर्वेच्या बांधाकडेही तसंच. मधे मात्र दहा फूट खाली गेलो तरी काळीच. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत चकाकत होत्या, तळाला ओल. म्हणजे ओढा कधीकाळी इथून मधूनच वाहत असणार. पुढं तो सरकला आणि त्याच्या जागी गाळ बसला. दोन्ही बाजूंना मुरमाचे उंचवटे आणि मधून उत्तर-दक्षिण अशी काळ्या मातीची जीभ.

धाकट्यांना ही बातमी आवडली नाही. त्यांच्या मनात घरं मधे आणि झाडं सभोवती असं चित्र होतं. पुण्यातल्या कॉलन्या तशाच दिसतात. पण पुण्याचा मुरूम इथं मधे नाही. मराठवाड्याची काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. वरचा साधारण साडेतीन मीटरचा थर वर्षभर असा वरखाली होत राहतो. म्हणून तर रुडकीच्या संस्थेने 1950 च्या दशकात अशा जमिनीसाठी खालच्या टोकाला फुगवटा असलेल्या खांबांचा पाया शोधून काढला, जो या हलत्या थराच्या खाली जाऊन बसतो. तो इथं करता येईल, पण एकमजली घराच्या पायातच घराचे पैसे संपतील.

आणि झाडांचं काय? काळीत झाड घराजवळ लावलं की ते उन्हाळ्यात त्या बाजूची ओल ओढून घेतं. घराचा एक कोपरा खाली बसतो, दुसरा तिथंच राहतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर जाते. विटांच्या उघड्या भिंतीत ती चीर पायऱ्यापायऱ्यांनी सांध्यांतून चढते आणि लपवायला गिलावाही नसतो. धाकट्यांना जे हवं होतं, विटांची घरं आणि अंगाला लागून झाडं, ते काळीत एकमेकांचे वैरी आहेत.

दुपारी त्यांची आई डबा घेऊन आली. ऐंशीच्या पुढची. खड्ड्याच्या काठाशी उभी राहून तिने आत पाहिलं. “इथं काहून उकरायले? ही तर काळी. काळीत कुणी घर बांधतं का बाई? घर पांढरीत.”

काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. आपल्या जुन्या कागदपत्रांत ही विभागणी इतकी पक्की आहे की माणसांची ओळखही तिच्यावरून सांगत. मी तिला अर्थव्यवहाराची गोष्ट समजत होते. आज खड्ड्यात उतरल्यावर ती पायाची गोष्ट आहे असं दिसलं.

3 डिसेंबर

रात्री नकाशा पुन्हा कोरा केला. मुरूम किती खोलीवर लागला तेवढंच त्यावर मांडलं. घरं मुरमावर, झाडं काळीत. मधली जीभ म्हणजे बाग. तिच्या दोन्ही काठांना घरं. बाग कुठं ठेवायची हा प्रश्न माझ्याकडे राहिलाच नाही.

15 डिसेंबर

वीटभट्टीवर. गोदेच्या अंगाला एका पडीक शेतात भट्टी. मालकाने चहा पाजला, थापणाऱ्या जोडप्यांशी बोलू दिलं. उचल घेऊन दिवाळीनंतर येतात, पावसाआधी परत. सगळं घर कामात. लहान मुलगीसुद्धा वाळत घातलेल्या विटा उलटवत होती. शाळेचं विचारलं, तर आई हसून दुसरीकडे बघायला लागली. मी जी भिंत उघडी ठेवणार आहे तिच्यातली एकेक वीट आधी या हातांतून उलटली जाणार.

नुसत्या काळीची वीट होत नाही. वाळताना तडकते. तिच्यात राख आणि भुसा घालावाच लागतो. राख परळीच्या औष्णिक केंद्राची, भुसा आणि उसाचं बगॅस जवळच्या कारखान्यांचं. आत मिसळलेला भुसा भट्टीत जळून जातो आणि विटेत बारीक पोकळ्या सोडतो. वीट हलकी होते आणि उष्णता आत जायला वेळ लागतो. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी. तेरचं त्रिविक्रमाचं मंदिर पाठीमागे अर्धगोल असलेल्या विटांच्या चैत्यातून झालेलं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी एक. तेरच्या काही विटा पाण्यावर तरंगतात असं सांगतात. तेलंगणात पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही तशाच हलक्या विटा आहेत. मराठवाड्यात विटेला कुणी परकं मानू नये. भोकरदन, पैठण, तेर, सगळीकडे सातवाहन काळापासून वीट आहे. आपणच मधे तिला गिलाव्याखाली लपवून टाकलं.

चाचणी तिथंच केली. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा, नखाने ओरखडा उठू नये, कमरेएवढ्या उंचीवरून टाकली तर फुटू नये. एक वीट वजन करून घरी आणली, दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलायची. पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी प्यायली तर उघड्या भिंतीला चालणार नाही. खरी अडचण मापाची आहे. साचे झिजलेले, वीट नऊ इंचांची म्हणतात आणि निघते पावणेनऊ ते सव्वानऊ. मालकाला म्हटलं, साचे नवीन करून द्या, लोखंडी पट्टीचे. तो म्हणाला, “गिलाव्यात सगळं झाकतंय की मॅडम.” गिलावा नाहीये, हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

9 जानेवारी 2025, बेलापूर

नव्या मुंबईत कामाला आले होते, त्यातून अर्धा दिवस काढून पारसिकच्या डोंगराखालच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेले. चार्ल्स कोरियांनी 1983 च्या सुमारास मांडलेली ही वसाहत कॉलेजात चित्रांतून पाठ केली होती. सात घरं एका चौकाभोवती, चौक आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यात बारा मीटरचा चौक. पुन्हा तीन मिळून वीस मीटरचा. भूखंड 45 ते 75 चौरस मीटर, तरी हेक्टरी पाचशे माणसांची वस्ती बसते, उंच इमारत न करता.

मुळातली कौलारू घरं आता शोधावी लागतात. दोन-तीन मजले चढलेत, गॅलऱ्या बाहेर आल्यात, कुठं ग्रॅनाइट लावलाय. बरोबरचा तरुण मित्र हळहळला. मला वाईट वाटलं नाही. कोरियांनी मुद्दामच शेजारी घरांच्या भिंती सामाईक ठेवल्या नव्हत्या, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी तेच केलं. आणि चौक? चौक बहुतेक शाबूत आहेत. एका चौकात मोटारसायकली होत्या, एकात मांडव घातलेला, एकात कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या. घरं वाढताना त्यांनी चौक गिळले नाहीत, कारण चौक सात घरांच्या डोळ्यासमोर आहे. एक घर पुढं सरकलं तर सहा घरं भांडतील.

वसाहतीच्या कडेच्या मोठ्या मोकळ्या तुकड्यांवर कुणाचा असा डोळा नव्हता. तिथं राडारोडा पडला होता.

10 जानेवारी

गाडीत बसून याचाच विचार. एबेनेझर हॉवर्डने 1898 मध्ये बागशहराची कल्पना मांडली, 1903 पासून लेचवर्थ उभं राहिलं. आपल्याकडे 1896 च्या प्लेगने मुंबईची झोप उडाली तेव्हा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि दादर-माटुंग्याच्या योजनेत मोकळ्या जागा आधी आखून मग घरं बसली. फाइव्ह गार्डन्सभोवतीच्या गल्ल्यांत आजही जानेवारीत सावली आणि पाखरं असतात. शिवाजी पार्क 1925 चं. मुंबईतल्या या बागांच्या मागं पालिका होती, माळी होते, आणि मुख्य म्हणजे दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस होता.

तीर्थपुरीला सातशेच्या आतबाहेर पाऊस, तोही भरवशाचा नाही. हिरवळीचं स्वप्न इथं उसनं आणता येणार नाही. आपल्या छोट्या शहरांच्या रस्त्यांनी बघत गेलं तर प्रत्येक प्लॉटिंगच्या कमानीवर ‘ग्रीन पार्क’ नाहीतर ‘वृंदावन’ लिहिलेलं असतं आणि आत बाभळीची काटेरी झुडपं आणि सिमेंटचा एक बाक. नियमाप्रमाणे चार हजार चौरस मीटरच्या वरच्या जागेत दहा टक्के मोकळं सोडावं लागतं, म्हणून सोडलेलं. नको असलेला कोपरा.

22 जानेवारी, तीर्थपुरी

भावांपुढं हिशेब मांडला. थोरल्यांना चित्र दाखवून उपयोग नाही, गुंठे दाखवावे लागतात.

एकूण 180 गुंठे. त्यांच्या जुन्या नकाशात रस्त्यांना 54, मोकळ्या जागेला नियमाचे 18, विक्रीला 108. आता माझा नकाशा. घरं सातासातांच्या गटात चौकाभोवती ठेवली तर प्रत्येक घरापुढून गाडीचा रस्ता न्यावा लागत नाही. एक रस्ता दोन्ही उंचवट्यांच्या बाहेरच्या अंगाने जातो आणि चौकाच्या तोंडाशी थांबतो. रस्ते 41 गुंठ्यांत बसले. वाचलेले 13 हिरवाईला मिळाले. मधल्या काळीचा पट्टा 22 गुंठे, नऊ चौकांचे मिळून नऊ. विक्रीला तेच 108. त्यात 63 घरं, सरासरी पावणेदोन गुंठ्यांना जरा कमी.

थोरल्यांनी मोबाइलवर दोनदा बेरीज केली. मग विचारलं, “गाडी दारात नाही येणार?”

“चौकाच्या तोंडापर्यंत येईल. आजारी माणसाला न्यायला आतही येईल. रोज उभी करायची ती बाहेर.”

“लोक घेणार नाहीत.”

धाकटे म्हणाले, “दादा, आपल्या जुन्या वाड्याच्या ढेळजेपर्यंत तरी बैलगाडी कुठं येत होती?”

थोरले काही बोलले नाहीत, पण नकाशा घडी घालून खिशात ठेवला. जुना नकाशा टेबलावर राहिला. याला मी होकार धरते.

6 फेब्रुवारी

मिस्तरी. गावातले जाणते, तीन पिढ्या गवंडीकाम. घराचा आराखडा पाहिला आणि पहिला प्रश्न, “कॉलम कुठायत?”

कॉलम नाहीत. नऊ इंची भिंत भार घेणार. खोलीचा गाळा दहा-अकरा फुटांचा, म्हणजे स्लॅबला फार लोखंड नको. हे मिस्तरींना पटेना. जालन्याच्या कारखान्यांतून सळई इथं येते, गावातली लहान घरंसुद्धा चौकटीचीच होतात, आणि त्यामागं भीती आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. किल्लारीला जाऊन आलेली, मदतीला गेलेली माणसं या पट्ट्यात सगळीकडे भेटतात. मिस्तरी स्वतः तिथं पुनर्वसनाच्या कामावर होते. “भिंतीवरचं घर म्हणजे काय होतं ते आम्ही बघितलंय मॅडम.”

खरं आहे, पण किल्लारीला जे पडलं ते मातीत बसवलेले गोल दगड आणि त्यावर दोन-तीन फूट पांढरीच्या मातीचं माळवद. एवढं ओझं आणि त्याला बांधून ठेवणारं काही नाही. विटेची भिंत चांगल्या सिमेंटच्या मसाल्यात, जोत्यावर एक काँक्रीटचा पट्टा, दारं-खिडक्यांच्या वर दुसरा, छपराखाली तिसरा, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत एक उभी सळई. घर पेटीसारखं बांधलं जातं. भारतीय मानकांत हेच सांगितलंय. मिस्तरींना मी कागद दाखवले नाहीत, कोपऱ्याचा नमुना काढून दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “पट्टे आमी तिकडं पण टाकले व्हते. पण तिथली घरं कुणाला आवडली नाहीत.”

तेही ऐकायचं होतं. नव्या किल्लारीत आणि आसपासच्या पुनर्वसित गावांत रुंद रस्ते, रांगेत घरं, मोकळं मोकळं. भावकी तुटली, म्हाताऱ्यांना बोलायला शेजार लांब, संध्याकाळी ओट्यावर बसावं तर समोर चाळीस फुटांचा रस्ता. घरं उभी राहिली, पण गल्ली नाही. मिस्तरी सांगत होते आणि मी चौकाची रुंदी खोडून साडेसात मीटर केली.

20 फेब्रुवारी

नमुन्याची भिंत. पोकळ जोडाची: विटा कडेवर उभ्या करून मधे पोकळी सोडायची. केरळात लॉरी बेकर यांनी ही भिंत गरिबांच्या घरांना वापरून लोकप्रिय केली. सुमारे पाव विटा वाचतात, मसाला त्याहून जास्त, आणि मधल्या हवेमुळे आतली खोली थंड राहते. पश्चिमेच्या भिंतीला हीच हवी होती.

दहाव्या थराला ओळंबा सोडला तर भिंत पोट काढून उभी. मिस्तरींचा हात वाईट नाही, वीट वाकडी. कडेवर लावलेली वीट लबाडी सहन करत नाही. शिवाय बघायला जमलेल्यांच्या शंका: खिळा ठोकला तर? आत विंचू शिरला तर? टीव्ही कशाला टांगायचा? सगळ्या रास्त.

निर्णय: भार घेणाऱ्या भिंती नेहमीच्या पद्धतीच्या नऊ इंची. पोकळ जोड फक्त पश्चिमेला, तोही नव्या साच्यातल्या निवडक विटांचा. आणि खिळे-खुंट्यांसाठी ठरावीक उंचीवर एक भरीव थर. कोनाडे बांधतानाच ठेवायचे. भावांच्या आईला, म्हणजे आजींना, देवळी हवीच होती.

भिंतीची दुसरी बाजू मिस्तरींनी मी न सांगता दरजा भरून, घासून, पाणी मारून ठेवली. आधीच्या बाजूपेक्षा कितीतरी नीट. “उघडी राहणार म्हणल्यावर हात नीट चालावा लागतो,” म्हणाले. पुढं ही घरं वाढवणार तेही असेच हात. त्यावरून इंदूरच्या अरण्य वसाहतीची आठवण झाली. बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा, त्यांनी तिथं साडेसहा हजार घरांची मांडणी केली. सगळ्यांत लहान भूखंड 35 चौरस मीटर. गरिबांना जोतं, संडास-मोरी आणि जमलं तर एक खोली एवढंच तयार द्यायचं, बाकी ज्याने त्याने वाढवायचं. आमच्याही गटातली निम्मी घरं अशीच ठेवावीत: दोन खोल्या, ओसरी आणि वर जाण्याची तरतूद असलेला जिना. शिक्षक, कारखान्याचे कामगार, मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून येणारी कुटुंबं, यांना पहिल्या दिवशी चार खोल्या परवडत नाहीत.

14 मार्च

धुळवड. कामाला कुणी नाही, म्हणून पाण्याचा हिशेब.

63 घरं, घरी पाच माणसं धरली तर 315. माणशी रोज 70 लिटर म्हणजे 22 हजार लिटर. त्यातलं अंघोळीचं आणि भांड्यांचं निम्मं, 11 हजार, साधं गाळून झाडांना देता येतं. मधल्या पट्ट्यात पुण्यातल्यासारखी हिरवळ केली तर उन्हाळ्यात चौरस मीटरला पाचेक लिटर लागेल: 2,200 चौरस मीटर, 11 हजार लिटर. सगळं पाणी एकटं गवत पिणार आणि बदल्यात सावली देणार नाही.

त्याऐवजी लहानमोठी 120 झाडं, झाडाला दिवसाआड भरपूर, सरासरी रोज 40 लिटर, म्हणजे 4,800. तेही पहिली तीन-चार वर्षं. पुढं काळीच त्यांना सांभाळते. दुष्काळी रानात बांधावरचा कडुनिंब कुणी पाणी घालून जगवलेला नसतो.

धाकट्यांना फोनवर सांगितलं, लॉन नाही. बराच वेळ गप्प. “मग पोरं खेळणार कशावर?” मातीवर. पावसाळ्यात गवत आपोआप येईल, दिवाळीनंतर वाळेल, जनावरं चारून घ्या.

यादी: पट्ट्याच्या मध्यरेषेवर कडुनिंब, चिंच, वड एकच, करंज, कवठ. पट्टा 27 मीटर रुंद, म्हणजे मोठं झाड दोन्हीकडच्या घरांपासून तेरा-चौदा मीटर राहतं. काळीत झाडाच्या उंचीएवढं अंतर असावं हा नियम जेमतेम पाळला जातो. त्याच्या अलीकडे सीताफळ, शेवगा, पारिजातक. चौक मुरमावर, तिथं झाडाने घराला धोका नाही, पण मुरमात झाड तग धरत नाही. रस्त्याची काळी काढावीच लागणार, ती चौकातल्या खड्ड्यांत भरायची. आणि मोसंबी? थोरल्यांनी स्वतःच विचारलं, बांधाला एक ओळ लावता येईल का. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे म्हणे, घेणाऱ्यांना सांगता येईल. मला वाटतं कारण वेगळं आहे.

17 एप्रिल

दुपारी दीडला जागेवर. ऊन असं की नकाशाचा कागद हातात गरम लागत होता. नमुन्याच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी हात लावून पाहिला. आजींनी मला हाताला धरून त्यांच्या वाड्यात नेलं. माळवदाखालची मधली खोली, जाड भिंत, एकच लहान खिडकी. बाहेरून आल्यावर डोळ्यांना काही दिसेना, पण कपाळ निवलं. “तुमच्या विटांत असं व्हतंय का?”

नाही होणार. नऊ इंची वीट दोन हात जाड भिंतीची बरोबरी करत नाही. जमतं तेवढं करायचं: स्लॅबमध्ये खालच्या अंगाला मंगळुरी कौलं भरून काँक्रीट आणि तापणं दोन्ही कमी करायचं, पश्चिमेला खिडकी नाही, पुढं पाच फुटांची ओसरी, गच्चीवर चुना. आणि सातही घरांच्या ओसऱ्या चौकाकडे, कारण दुपारनंतर एका बाजूच्या घरांची सावली चौकात पडते. ती सगळ्यांना पुरते.

विहिरीतला गाळ काढायचं ठरलं. पट्ट्यातलं पावसाचं पाणी काळी लवकर पोटात घेत नाही, साचतं. उतारावर आडवे उथळ चर, आणि जास्तीचं पाणी मुरमाच्या कडेने गाळणीतून विहिरीत. विहीर मुरमात आहे, पिईल.

6 मे

नगर रचनेकडे मांडायचा नकाशा पूर्ण. सहा कडुनिंब आणि चिंच जागच्या जागी. त्यासाठी दोन घरं फिरवली, एक रस्ता वाकवला.

संध्याकाळी थोरल्यांचा फोन. ओळखीच्या चौघांना त्यांनी जागा दाखवली होती. चौघांनीही पट्ट्याकडचीच घरं मागितली, बाहेरच्या रस्त्याकडची कुणालाच नकोत. चार पैसे जास्त द्यायला तयार आहेत. “मॅडम, हे मधलं मोकळं अजून थोडं लांबवता येतंय का? उत्तरेकडून अजून पाच-सहा घरं त्याच्याकडे तोंड करतील.”

हा माणूस नोव्हेंबरात एक गुंठा सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, लांबवायचं तर काळी कुठवर जाते ते आधी बघू. मुरूम असेल तिथं मी घर सोडणार नाही. उत्तरेच्या बांधाजवळ आपण एकच खड्डा घेतला होता. पाऊस आला की जेसीबी शेतात उतरत नाही, तेव्हा याच आठवड्यात अजून दोन घ्या, बांधापासून साठ आणि शंभर फुटांवर, आणि खोलीचे फोटो फुटपट्टी धरून पाठवा.

ते म्हणाले, उद्या सकाळीच सांगतो त्याला. आजी मागून काहीतरी विचारत होत्या, देवळीचं असावं.